'थिकली' म्हणजे दाट, जाड, घट्ट, की आणखी काही?

पारंबी

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहिते आहे. एका इंग्रजी कथेचं मराठी करायचं काम हातात आहे. चौदा पानांची कथा. पहिला खर्डा पूर्ण झाला, पण एका शब्दाने तीन ठिकाणी अडवून ठेवलंय. शब्द तसा साधाच: थिकली.

कथा थोडक्यात सांगते, म्हणजे अडचण कळेल. म्हातारा बाप मुलीला बोटीवर बसवून द्यायला पहाटे बंदरावर आलाय. सुरुवातीला बंदरावर धुकं 'थिकली' पसरलेलं आहे. मधे तो मुलीला वाटेत खायला म्हणून पाव कापतो आणि त्याला लोणी 'थिकली' लावतो. शेवटी बोट सुटताना तो तिला एवढंच म्हणतो की पोचलीस की कळव. आणि पुढे दोनच शब्द: 'सेड थिकली'.

पहिली दोन ठिकाणं कशीबशी निभावली. शेवटचं काही केल्या जमेना. 'तो जाडपणे म्हणाला' हे मराठीच नाही. 'घट्टपणे म्हणाला' लिहिलं तर बाप निर्धाराने बोलतोय असं वाटतं. 'घोगऱ्या आवाजात म्हणाला' लिहिलं तर त्याला पहाटेच्या गारठ्याने सर्दी झालीय असं वाटतं. शब्दकोश उघडला तर दाटपणे, जाडसरपणे, घनतेने. यातला एकही शब्द मी आयुष्यात तोंडाने उच्चारलेला नाही.

दोन दिवस याच विचारात स्वयंपाक केला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपण दूध दाट म्हणतो, दही घट्ट म्हणतो, भाकरी जाड, झाडी गर्द, रंग गडद, झोप गाढ, काळोख मिट्ट, डबा गच्च. दही विरजलं की माझी आई झाकण उघडून म्हणायची, 'बघ कसं घट्ट लागलंय.' 'दाट लागलंय' असं तिच्या तोंडून कधी आलं नाही. ताक मात्र दाट. म्हणजे पदार्थ कुठला, यावर आपला शब्द ठरतो. इंग्रजी माणूस या सगळ्यांवर एकच 'थिक' फिरवतो आणि क्रियाविशेषण हवं असेल तर त्याला 'ली' जोडतो.

माझा प्रश्न 'सेड थिकली'चा आहे. पण या शब्दाबद्दल तुमच्याकडे जे काही असेल ते लिहा, मला सगळंच हवंय.

मांडवी_दरवाजा

पारंबीताई, धागा वाचून फार बरं वाटलं. आवाजाचं मला सांगता येणार नाही, पण 'थिकली पॉप्युलेटेड' या जोडीशी माझी जुनी ओळख आहे. आमच्या कचेरीत इंग्रजी अहवाल यायचे, त्यात जुन्या शहराचा उल्लेख आला की हे दोन शब्द ठरलेले. गुजराती मसुद्यात त्याचं 'गीच वस्ती' व्हायचं आणि घरी येऊन मीही मराठीत 'गीच' म्हणायचो. पुण्याच्या मावशीला कळायचं नाही. ती विचारायची, 'गिचमिड म्हणायचंय का तुला?' गिचमिड अक्षर असतं हो, वस्ती कशी असेल? पण आता वाटतं की ती फार चुकत नव्हती. गीच, गिचमिड, गिचडी, सगळ्यांत एकात एक घुसलेलं असल्याचा भाव आहेच.

माझा जन्म पोळीतला. खाण्याची पोळी नव्हे, बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: पोळ म्हणजे दोन्ही बाजूंनी घरं असलेली, तोंडाशी पूर्वी दरवाजा असलेली गल्ली. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या आतलं आमचं शहर, मधोमध मांडवी. भिंतीला भिंत. आमच्या स्वयंपाकघरात फोडणी पडली की शेजारच्या काकू पलीकडून सांगायच्या, 'हिंग जास्त झाला.' त्या वस्तीला मी 'दाट' म्हणू शकतो, पण 'गीच' म्हटलं की मला ती गल्ली डोळ्यांसमोर दिसते.

शब्दांची ही काळजी बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी कारभारातल्या इंग्रजी शब्दांना देशी प्रतिशब्द मिळावेत म्हणून 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' करवून घेतला, तो १९३१ साली निघाला. इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे रकाने. एका शब्दासाठी इतक्या भाषांकडे वळून बघायचं, ही दृष्टीच मला मोठी वाटते. तुम्ही मराठी शब्द शोधताना गुजरातीकडेही जरूर बघा. आपल्या घरात दोन्ही आहेत.

दूरदेशी

मांडवी_दरवाजा, तुमची पोळ वाचली आणि राहवलं नाही. मी मूळची बडोद्याच्या दांडिया बाजारातली, आता अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. इथे रस्त्याच्या कडेला पिवळा फलक असतो, त्यावर फक्त दोन शब्द: 'थिकली सेटल्ड'. नवीन आले तेव्हा गाडी शिकताना तो वाचला आणि आजूबाजूला पाहिलं तर एक घर इथे, मग झाडं, मग हिरवळ, मग दुसरं घर. मला वाटलं फलक चुकीच्या जागी लावलाय.

मग परवान्याच्या परीक्षेसाठी अभ्यास केला तेव्हा कळलं की हा इथल्या कायद्यातला शब्द आहे आणि त्याची व्याख्या आकड्यांत आहे. रस्त्याच्या कडेने निदान पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटर, घरांमधलं सरासरी अंतर २०० फुटांपेक्षा कमी असेल तर ती वस्ती 'थिकली सेटल्ड'. तिथे वेगळा फलक नसेल तर वेगाची मर्यादा ताशी ३० मैल, आपले सुमारे ४८ किलोमीटर.

दोन घरांत २०० फूट! आमच्या वाड्यातून तेवढं अंतर चाललं तर मधे किती उंबरे लागतील, याचा विचार करूनच मला घरची आठवण आली. मुद्दा हा की 'थिकली' हा शब्द आपल्याआपण काहीच मोजत नाही. बोलणाऱ्याच्या मनात 'विरळ' म्हणजे काय आहे, त्यावर त्याचं 'दाट' ठरतं. इंग्रजीतून मराठीत आणताना हे मोजमापही बदलतं का, हे मला ताईंना विचारायचंय.

नवखा_वाचक

मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय, बडोद्यातच. 'थिकली पॉप्युलेटेड' आणि 'डेन्सली पॉप्युलेटेड' दोन्ही वाचलंय. फरक आहे का? पर्यायांत दोन्ही आले तर काय निवडायचं?

राजवाडा_इंदूर

इंदूरहून. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

वस्ती आणि जंगल या दोन ठिकाणी दोन्ही चालतात, अर्थात फारसा फरक नाही. भूगोलाच्या पुस्तकात 'डेन्सली' जास्त दिसतं, कारण तिथे डेन्सिटी, म्हणजे घनता, मोजलेली असते. २०११च्या जनगणनेत भारताची घनता दर चौरस किलोमीटरला ३८२ माणसं होती. असा आकडा हाताशी असला की लेखणी आपोआप 'डेन्सली'कडे जाते. वर्तमानपत्रात आणि बोलण्यात 'थिकली' सहज येतं. दूरदेशींचा फलक याला अपवाद, तिथे मोजमाप असूनही जुना घरगुती शब्द टिकला.

खरा फरक बाकीच्या जागी आहे. लोणी, मुरंबा, रंग, मलम यांचा थर द्यायचा असेल तर फक्त 'थिकली'. पाव किंवा बटाटा जाड चकत्यांत कापायचा असेल तरी 'थिकली'. 'डेन्सली' लोणी लावता येत नाही, कारण लोण्याचे कण जवळ आणायचे नाहीत, थराची जाडी वाढवायची आहे. उलट एखाद्या पानावर मजकूर ठासून भरला असेल, वाक्यावाक्यात विचार कोंबला असेल, तर ते लिखाण 'डेन्सली रिटन'. आवाजाला 'डेन्सली' कधीच लागत नाही, तिथे 'थिकली'च.

घराणीही वेगळी आहेत. 'थिक' हा जुन्या इंग्रजीतला, घरातला शब्द. 'डेन्स' लॅटिनमधून आला. आपल्याकडे दाट आणि घन यांच्यात जे नातं आहे तसंच काहीसं: एक स्वयंपाकघरात वावरतो, दुसरा पाठ्यपुस्तकात.

आणि नवखा_वाचक, एक ध्यानात ठेवा. 'थिक' हा शब्द 'ली' न लावताही क्रियाविशेषणाचं काम करतो. 'थिक अँड फास्ट' म्हणजे एकामागोमाग एक, भराभर. परीक्षेत तिथे 'ली' लावायचा मोह होतो, तो टाळा.

प्रयोगशाळा

एक मुद्दा विज्ञानाच्या बाजूने, कारण इथे मुलांचा दरवर्षी गोंधळ होतो. थिक आणि डेन्स हे पदार्थविज्ञानात एक नाहीत.

एरंडेल घ्या. आपल्या गुजरातेत एरंडा देशात सर्वांत जास्त पिकतो, दिवेल, म्हणजे हेच एरंडेल, कुठल्याही दुकानात मिळतं. ते बाटलीतून ओतलं तर किती सावकाश, धार धरून खाली येतं. पाण्यापेक्षा शेकडो पटींनी चिकट. कुणीही त्याला दाटच म्हणेल. पण पेल्यात पाणी घेऊन त्यावर ओता: ते वर तरंगतं. पाण्याची घनता घन सेंटिमीटरला १ ग्रॅम, एरंडेलाची सुमारे ०.९६. म्हणजे दाट आहे, पण घन नाही. मध मात्र दोन्ही आहे, घनता १.४च्या आसपास, तो तळाशी जाऊन बसतो. मी वर्गात एकाच काचेच्या पेल्यात तळाला मध, मधे पाणी आणि वर एरंडेल असे थर लावून दाखवते आणि मगच 'घनता' हा शब्द फळ्यावर लिहिते.

द्रव सहज वाहत नाही या गुणाला पुस्तकात विष्यंदिता म्हणतात. मुलांना तो शब्द जड जातो, म्हणून ती 'घट्टपणा' म्हणतात, आणि मला ते चालतं. पण 'थिक' दिसला की सरसकट 'घन' लिहिणारे अनुवाद विज्ञानाच्या पुस्तकांतही दिसतात, तेव्हा वाईट वाटतं. चूक भाषेची असते आणि मूल समजतं की आपल्यालाच विज्ञान कळत नाही.

लष्करवासी

ग्वाल्हेरहून सर्वांना नमस्कार. धुक्याचा विषय निघाला आणि आमच्या गावाला विचारलं नाही तर कसं चालेल! पारंबीताई, बडोद्यात धुकं क्वचित पडतं. आमच्याकडे जानेवारीत ते आठवडा आठवडा मुक्कामाला येतं. सकाळी महाराज बाड्याच्या चौकात उभं राहिलं की समोरच्या इमारतीचं घड्याळ दिसत नाही, किल्ला तर आहे की नाही अशी शंका यावी.

दूरदेशींनी मोजमापाचं विचारलं, तर धुक्यालाही मोजमाप आहे. हवामान खात्याच्या हिशेबात ५०० ते १००० मीटरपर्यंत दिसत असेल तर धुकं हलकं, २०० ते ५०० पर्यंत मध्यम, ५० ते २०० मीटरच दिसत असेल तर दाट, आणि ५० मीटरच्याही आत आलं तर अतिदाट. म्हणजे धुकं किती दाट हे त्याचे थेंब मोजून सांगत नाहीत, त्याने किती झाकलं त्यावरून सांगतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दाटपणा आणि न दिसणं या दोन गोष्टी धुक्यात वेगळ्या करताच येत नाहीत. आवाजाचंही तसंच नसेल का? शब्द मधल्या कशाने तरी झाकले जातात.

आता आमच्या मराठीबद्दल. आमच्या घरी दूध 'गाढं' असतं. आई 'खीर गाढी झाली' म्हणायची, धुक्याला 'घना कोहरा' म्हणायची आणि त्याच वाक्यात 'शाल घट्ट गुंडाळ' असंही सांगायची. पुण्याचे पाहुणे हसायचे. मला कधी त्यात चूक वाटली नाही. पण लिहायला बसलो की मात्र 'दाट धुकं' लिहितो, कारण त्या शब्दात ते जास्त दाट दिसतं.

सुरसागर

मीही बडोद्याची, शाळा गुजराती माध्यमाची. लष्करवासींचं वाचून धीर आला. आमच्याकडे पण 'गाढ जंगल', 'गाढ धुम्मस' म्हणतात, आणि मी मराठी निबंधात 'गाढ जंगल' लिहिलं म्हणून आजीने दुरुस्त केलं होतं. तिने सांगितलं, मराठीत झोप गाढ, मैत्री गाढ, श्रद्धा गाढ. जंगल घनदाट, झाडी गर्द. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, 'जंगलात जाता येतं, झोपेत बुडावं लागतं.' ते व्याकरणाचं उत्तर नव्हतं, पण मला पुन्हा कधी चूक झाली नाही.

आणखी एक. मराठीत 'दाट शक्यता' आणि 'दाट संशय' म्हणतात. इंग्रजीत 'थिकली पॉसिबल' म्हणता येत नाही ना? मग हा आपलाच विस्तार आहे का?

राजवाडा_इंदूर

सुरसागर, छान पकडलंत. नाही, इंग्रजीत तसं म्हणत नाहीत. शक्यता दाट होते ती एकेक खूण जवळजवळ येत गेल्यामुळे, आभाळात ढग जमावेत तशी. 'दाट'मध्ये मुळात जवळ येणं आहे, दाटी आहे. 'जाड'मध्ये ते नाही, तिथे एकाच वस्तूचं माप आहे. म्हणून केस दाट असतात आणि एकेक केस जाड असतो. इंग्रजीत दोन्हींना 'थिक हेअर' म्हणून मोकळे होतात आणि ऐकणाऱ्याला संदर्भावरून ओळखावं लागतं.

बोलकी_बाहुली

मी वाचा-उपचार करते, बडोद्यातच. 'सेड थिकली'बद्दल माझ्या कामातून थोडं.

आवाज 'थिक' होण्याची कारणं निरनिराळी असतात आणि मराठीत प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे. नाक चोंदलं असेल तर आवाज बसका किंवा भरलेला. झोपेतून उठून बोलत असेल तर झोपाळलेला, जडावलेला. नशेत असेल तर जीभ जड होते, शब्द लडखडतात. घाबरला असेल तर बोबडी वळते. रडू आलं असेल तर गळा भरून येतो, कंठ दाटतो, आवाज कापरा होतो. इंग्रजी लेखक 'थिकली' लिहितो तेव्हा हे कारण त्या शब्दात नसतं, ते मागच्यापुढच्या ओळींत असतं. मराठीत आधी कारण ठरवावं लागतं, मग शब्द.

हे किती महत्त्वाचं आहे त्याचा एक अनुभव. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजोबा उपचाराला येत. त्यांना पक्षाघात झाला त्या सकाळी मुलाने परदेशातल्या बहिणीला फोन करून सांगितलं की बाबांचा आवाज आज जाड येतोय. तिला वाटलं सर्दी असेल, आल्याचा काढा द्या म्हणाली. दुपारी हात उचलेना तेव्हा धावाधाव झाली. आवाज जाड नव्हता, उच्चार जड झाले होते. आजोबा नंतर बरेच सुधारले, पण सकाळचे ते तास हातचे गेले ते गेलेच.

म्हणून इथे स्पष्ट लिहिते. माणूस अचानक जड, अस्पष्ट बोलू लागला, तोंड एका बाजूला वाकडं झालं, एका हातातली ताकद गेली, यातलं काहीही दिसलं तर काढा नको, १०८ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. फोनवर 'आवाज जाड' म्हणू नका. 'बोलणं लडखडतंय, शब्द कळत नाहीत' असं सांगा.

विषय सोडून लिहिलं असेल तर क्षमा असावी. मला ते सोडून वाटलं नाही.

मांडवी_दरवाजा

अजिबात सोडून नाही, ताई. मी तुमचं लिखाण घरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं.

पारंबी

बोलकी_बाहुली, आभार हा शब्द अपुरा आहे. आणि तुमच्या यादीतल्या एका शब्दावर मी जागीच थांबले. कंठ दाटतो.

मी दोन दिवस शब्दकोशात 'थिक'समोरचा 'दाट' बघत होते आणि तोच दाट आपल्या कंठात आधीपासून बसलेला आहे हे मला दिसलं नाही! इंग्रजीत भावनेने आवाज 'थिक' होतो, मराठीत कंठ दाटून येतो. कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. गळ्याशी हुंदका आला की तिथे काहीतरी दाटतं हे दोन्हीकडच्या माणसांनी आपापल्या गळ्यात अनुभवलंय.

माझी चूक कुठे झाली तेही आता कळलं. मी 'पणे' लावत बसले होते. जाडपणे, घट्टपणे, दाटपणे. इंग्रजीत 'ली' दिसला की मराठीत 'पणे' चिकटवायचा, ही अनुवादकांच्या बोटांना लागलेली सवय आहे आणि ती माझ्याही बोटांना आहे. बोलताना आपण असं करत नाही. लोणी 'जाडपणे' लावत नाही, लोण्याचा जाड थर देतो. माणसं 'दाटपणे' राहत नाहीत, दाटीवाटीने राहतात. डबा 'गच्चपणे' नाही, गच्च भरतो. बटाटे 'जाडपणे' कापत नाही, जाड कापतो किंवा जाड चकत्या करतो. झाडं खेटून उभी असतात, बस खचाखच भरलेली असते, आभाळ दाटून येतं. कधी विशेषण जसंच्या तसं, कधी 'ने', कधी जोडशब्द, आणि पुष्कळदा थेट क्रियापद. 'पणे'लाही जागा आहे, शांतपणे आणि मोकळेपणे आपण म्हणतोच, पण त्या माणसाच्या वृत्तीच्या गोष्टी आहेत. दाटपणा ही वृत्ती नाही.

दूरदेशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, मला वाटतं मोजमाप बदलतं. तुमचा फलक मी 'दाट वस्ती' असा आणला तर मांडवीच्या वाचकाला पोळ दिसेल आणि चित्र साफ चुकेल. तिथे मी 'सलग वस्ती' लिहीन.

राजवाडा_इंदूर

'सलग वस्ती' उत्तम! आणि 'पणे'बद्दल शंभर टक्के सहमत. मी विद्यार्थ्यांना सांगत असे की अनुवाद झाल्यावर कागदावरचे सगळे 'पणे' आणि 'रीत्या' पेन्सिलीने गोल करा, आणि प्रत्येकाला विचारा, तुला घरात कोण बोलावतं?

सुरसागर

पारंबीताई, एक विचारू? तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की हा शब्द कथेत तीनदा येतो. धुकं, लोणी, आवाज. लेखकाने मुद्दाम तोच शब्द तीनदा वापरला असेल तर? म्हणजे सकाळपासून जे बाहेर होतं ते शेवटी त्याच्या गळ्यात आलं, असं काहीतरी. मग तीन ठिकाणी तीन मराठी शब्द घातले तर ते तुटणार नाही का?

लष्करवासी

फार मोलाचा प्रश्न. मी वर म्हणालो होतो की धुकं झाकतं आणि आवाजातही शब्द झाकले जातात. लेखकाने तीच तार ओढली असणार.

प्रयोगशाळा

लोण्याचं काय करणार पण? 'दाट लोणी' म्हटलं तर लोण्याचा प्रकार सांगितल्यासारखं होतं, थर किती दिला ते कळत नाही. तिथे 'जाड'च हवं.

मांडवी_दरवाजा

लोण्याऐवजी साय केली तर? सायीचा दाट थर चालेल.

पारंबी

साय नको, मांडवीकाका. तो माणूस बंदरावर उभा आहे, त्याच्या खिशात लोण्याचाच डबा आहे. माझ्या सोयीसाठी मी त्याच्या हातातला पदार्थ बदलू शकत नाही.

सुरसागर, तुझा प्रश्न वाचून मी मूळ कथा पुन्हा पहिल्यापासून वाचली. तू म्हणतेस ते खरं आहे. मी धुक्याच्या जागी 'बंदरावर धुक्याची चादर पसरली होती' असं लिहून पुढे गेले होते. ती चादर माझी, लेखकाची नव्हे. शिवाय ती इतक्यांनी इतक्या वेळा पसरलेली आहे की आता तिने काहीच झाकलं जात नाही. ती काढली.

तिन्ही जागा अशा केल्या आहेत. सुरुवातीला: 'बंदरावर धुकं दाटलं होतं.' मधे: 'त्याने पावावर लोण्याचा जाड थर दिला, कडेपर्यंत.' इथे दाट येत नाही, तर जबरदस्ती करत नाही. त्या जागी लेखकाला माया दाखवायची आहे, आणि आपल्याकडे ती 'कडेपर्यंत'मध्ये कळते. कोरडी कड ठेवायची नाही हे प्रत्येक आईबापाला ठाऊक असतं. मूळ वाक्यात तो शब्द नाही, याची मला जाणीव आहे, आणि संपादकांना तसं कळवणार आहे.

शेवटच्या जागी आधी 'दाटल्या कंठाने तो म्हणाला' लिहिलं. बरोबर होतं, पण वाक्य म्हाताऱ्याच्या आधी रडायला लागलं. इंग्रजीत तो शब्द बोलण्याच्या नंतर येतो. मुलीने आधी साधं वाक्य ऐकलंय, आवाज तिला मागाहून जाणवलाय. म्हणून उलटं केलं:

'पोचलीस की कळव,' तो म्हणाला. त्याचा कंठ दाटला होता.

लष्करवासी

धुकं दाटलं होतं, कंठ दाटला होता. क्रियापद तेच राहिलं. आता हलवू नका.

सुरसागर

ताई, आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली 'कळव' पेक्षा 'पत्र टाक' म्हणेल तो. कथा जुन्या काळातली आहे का?

पारंबी

१९३०च्या आसपासची आहे. आजींना नमस्कार सांग. 'पोचलीस की पत्र टाक' असं करते आहे, आणि आज रात्रीच पाठवते.